गाऊनच्या दिवशीचा अर्ज

हायकोर्टाच्या दप्तरात एक नोंद चुकीची आहे. ती दुरुस्त करून घ्यायचा हक्क मला नाही, आणि ज्यांना आहे त्यांनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे. कोर्टाच्या आवारात मी ते ठेवलंही. पण घरी बसून कागदावर लिहायला मला कोणी मनाई केलेली नाही, म्हणून लिहितो.

मी वकिलाचा कारकून. दोन वर्षं थोरल्या वकीलसाहेबांकडे काढली आणि त्यानंतरची एकतीस वर्षं बाईंकडे. बाई म्हणजे थोरल्या साहेबांच्या तेव्हाच्या ज्युनिअर. त्यांनी वेगळं ऑफिस थाटलं तेव्हा एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी, एवढाच त्यांचा पसारा होता. माझं काम तारखा सांभाळायचं. कुठलं प्रकरण कधी, कुठल्या न्यायमूर्तींपुढे, कुठली स्थगिती कधी संपते, हे सगळं माझ्या डायरीत आणि डायरीच्या आधी माझ्या डोक्यात. कोर्टात मला सगळे 'कॅलेंडर' म्हणतात. एकतीस वर्षांत एक तारीख चुकली नाही, ही शेखी मी इतक्या वेळा मिरवली होती की मी तोंड उघडायच्या आत माझी बायको ते वाक्य पुरं करून टाकायची.

आता त्या समारंभाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. दर तीन-चार वर्षांनी हायकोर्ट काही निवडक वकिलांना ज्येष्ठ वकील म्हणून मान देतं. सुती गाऊन जातो, रेशमी येतो. त्या दिवशी सगळे न्यायमूर्ती एका ओळीत बसतात, मुख्य न्यायमूर्ती मधोमध. एकेकाचा पुकारा होतो, तो पुढे येऊन उभा राहतो, आणि मुख्य न्यायमूर्ती त्याला विचारतात, "विद्वान वकील, आपला काही अर्ज आहे?" प्रश्न फार जुना आहे. कधीकाळी म्हणे नव्या ज्येष्ठ वकिलाला आपला अर्ज सगळ्यांच्या आधी मांडायचा मान मिळायचा. तो मान गेला, प्रश्न तेवढा राहिला. उत्तर कोणी देत नाही. वकील कमरेतून वाकतो, ते वाकणं म्हणजेच 'नाही', आणि वाकून सरळ झाला की तो ज्येष्ठ झाला. मी असे आठ समारंभ पाहिले आणि पन्नासेक वकील वाकताना पाहिले. एकाचा वाकता वाकता चष्मा पडला होता. त्यापलीकडे तिथे कधी काही घडलं नाही.

या मानाला एक अटही चिकटलेली असते. ज्येष्ठ वकिलाला अशिलाचं वकीलपत्र स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. त्याने उभं राहून बाजू मांडायची. कागद, अर्ज, तारखा हे दुसऱ्या कुठल्या तरी वकिलाने बघायचं. म्हणजे वाकलात की त्या क्षणी तुमची होती नव्हती ती सगळी वकीलपत्रं संपली. त्यामुळे बाईंचं नाव यादीत लागलं तेव्हा मी आनंदाने जिने दोन दोन पायऱ्यांनी चढलो, आणि शेवटच्या पायऱ्या मात्र एकेक करून चढलो. ज्याला तारखाच नाहीत त्याला कॅलेंडर कशाला लागणार?

पण आनंद मोठा होता, कारण हा मान बाईंना दहा वर्षं आधीच मिळायला हवा होता. दोनदा नाव वर गेलं आणि दोनदा परत आलं. त्याचं कारण मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो.

थोरल्या साहेबांच्या ऑफिसात असताना एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घराच्या दाव्यात ऐन तारखेला कोणीच हजर राहिलं नाही, आणि दावा गेला. तारीख विसरले होते थोरले साहेब स्वतः. आदल्या दिवशी मी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली होती आणि त्यांनी ती न वाचता चष्म्याच्या घरात कोंबली होती. पुढे न्यायमूर्तींनी खडसावलं तेव्हा साहेबांनी बाईंकडे बोट केलं आणि म्हणाले, "माझ्या ज्युनिअरचा हलगर्जीपणा, माय लॉर्ड." बाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. त्या खाली बघत उभ्या राहिल्या. आदेशात तसं लिहिलं गेलं, बाईंच्या नावानिशी. मी त्यांच्या मागे चार हातांवर उभा होतो, चिठ्ठीचं मला माहीत होतं, आणि मीही बोललो नाही. नवी नोकरी होती. ही सबब मी स्वतःला इतकी वर्षं देत आलोय आणि ती मला कधी पटलेली नाही.

पुढे दोन्ही वेळा निवड समितीने तो आदेश काढून बाईंना विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं? बाई म्हणाल्या, "नोंद आहे तशी आहे." थोरले साहेब तोवर वारले होते. मेलेल्या माणसावर ढकलायचं त्यांना जमलं नाही. या खेपेला समितीत नवे लोक होते, त्यांनी तो कागद बाजूला सारला, आणि बाईंचं नाव आलं.

समारंभ गुरुवारी अकराला ठरला. नोटीस लागली: गुरुवारचं सगळं बोर्ड शुक्रवारी घेतलं जाईल. त्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे प्रकरणांच्या यादीत, आमची सात प्रकरणं होती. मी डायरी उघडली, लाल पेनाने गुरुवारच्या पानावरून शुक्रवारच्या पानावर एक लांबलचक बाण ओढला आणि मोकळा झालो. कारण मला इतर शंभर कामं होती. बाईंच्या आईसाठी पुढच्या रांगेत जागा हवी होती. त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या, आणि कोर्टाच्या इमारतीला पुढून एकोणीस पायऱ्या. मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते हे शोधण्यात माझा अख्खा बुधवार गेला.

त्या सातांतलं एक प्रकरण टेलरबाईंचं होतं. एका गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत त्या आणि त्यांचे वडील. वडिलांचे डोळे गेलेत, पण अजून बोटांनी चाचपून सुईत दोरा ओवतात. घरमालकाला तिथे गोदाम करायचं होतं. खालच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, बाईंनी हायकोर्टातून स्थगिती आणली. समारंभासाठी आलेला रेशमी गाऊन बाईंना लांब झाला, बाई उंचीने बेताच्याच, तेव्हा बाह्या आणि घेर कमी करायला मी तो टेलरबाईंकडेच नेऊन दिला होता.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला टेलरबाई गाऊन घेऊन वकिलांच्या खोलीच्या दाराशी आल्या. इस्त्री केलेला, जुन्या चादरीत गुंडाळलेला. आत जायला त्यांना संकोच वाटत होता म्हणून मी बाहेर गेलो.

"कसलं सुळसुळीत कापड हो हे, सुई टिकत नव्हती," त्या म्हणाल्या. "बाबांनी हात फिरवून बघितला. म्हणाले, बाईंना शोभेल." मग जाता जाता, सहज, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "काल मालकाचा माणूस आला होता. म्हणतो, उद्या पाचला कुलूप लावणार. मी म्हटलं, लाव बरं! आमची तारीख शुक्रवारवर गेलीय, कॅलेंडरसाहेबांनी स्वतः सांगितलंय."

मी डायरी काढून गुरुवारचं पान उघडलं.

बोर्ड शुक्रवारवर गेलं होतं. स्थगिती गेली नव्हती. आदेशात स्वच्छ लिहिलं होतं, 'गुरुवार, संध्याकाळी पाचपर्यंत'. बोर्ड पुढे सरकलं म्हणून आदेश सरकत नाही, हे वकिलाच्या कारकुनाला पहिल्या महिन्यात शिकवतात. मध्ये सुट्टी आली की आदल्या दिवशीच न्यायमूर्तींपुढे जाऊन स्थगिती एक दिवस वाढवून घ्यायची. हे मी एकतीस वर्षं केलं, नव्या पोरांना दरडावून शिकवलं, आणि बुधवारी मी मागच्या दाराची किल्ली शोधत होतो.

टेलरबाईंना मी म्हटलं, "तुम्ही वर गॅलरीत बसा, मी आलोच," आणि रजिस्ट्रारच्या कचेरीकडे धावलो. तिथे एकटा शिपाई खुर्च्या मोजत होता.

"तातडीचा अर्ज आहे," मी म्हटलं.

"आज कोर्ट नाही. समारंभ आहे."

"न्यायमूर्ती तर आहेत ना सगळे?"

"आहेत. समारंभाला आहेत." म्हाताऱ्याला आज ऊन लागलंय, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. "नंतर जेवण आहे, मग फोटो आहेत. उद्या या."

उद्या येऊन काय करणार? कुलूप लागल्यावर स्थगिती कशाला द्यायची? एकदा ताबा गेला की तो परत मिळवायला वर्षं जातात, आणि आंधळ्या माणसाला तेवढी वर्षं कुठे ठेवायचं?

खरं सांगतो, जिन्यात मी थांबलो आणि बाईंना सांगूच नये असं माझ्या मनात आलं. त्यांच्या आयुष्यातला हा एक दिवस. आई खाली येऊन बसली होती, केस विंचरून, कडक इस्त्रीचे कपडे घालून. समारंभ आटपला की सांगू, मग पळापळ करू, असं मी स्वतःला समजावत होतो. पण समारंभ आटपला की बाईंचं वकीलपत्र संपलेलं असणार, आणि दुसऱ्या वकिलाचं शुक्रवारी सकाळी दाखल व्हायचं होतं. मधल्या वेळात टेलरबाईंना जगात वकीलच नव्हता.

बाई आरशासमोर गळ्याचे पांढरे बँड बांधत होत्या. मी सांगितलं. एका दमात, काही न लपवता सांगितलं.

त्यांनी हात खाली घेतले. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "स्थगिती नक्की आज पाचपर्यंतच?"

"हो, बाई."

"आदेशाची नक्कल?"

"ऑफिसात."

"आणा."

ऑफिस रस्त्यापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. माझे गुडघे मला वर्षभर शिव्या देतात, त्या दिवशी मी त्यांना दिल्या. फाइल घेऊन परत आलो तेव्हा चोपदाराने काठी आपटली होती आणि दरवाजे लागत होते. मी आत घुसलो. नवे सहा जण पहिल्या रांगेत बसलेले, मी शेवटच्या रांगेमागे, मध्ये काळ्या गाऊनांच्या अकरा रांगा. पुढे जाणं शक्यच नव्हतं. मी शेवटच्या रांगेतल्या वकिलाच्या खांद्यावर टकटक केलं आणि म्हटलं, "बाईंकडे द्या." फाइल हातोहात पुढे सरकली. बाई भाषण विसरल्या असं वाटून दोघेतिघे गालातल्या गालात हसले. मग ती बाईंच्या मांडीवर पोचली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण उघडून वाचायला लागल्या.

बाईंचा क्रमांक पाचवा होता आणि त्यांच्या शेजारी सहावे बसले होते ते नेमके टेलरबाईंच्या मालकाचे वकील. त्यांना सगळे 'हरकतराव' म्हणतात. समोरच्याने 'शुभ प्रभात' म्हटलं तरी ते आधी हरकत नोंदवतील. बाई त्यांच्याकडे झुकून काहीतरी बोलल्या. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या अशिलाला एक दिवस थांबायला सांगता का?" आणि हरकतराव कुजबुजले होते, "बाई, तो माझं ऐकत असता तर केस झालीच नसती."

पुकारे सुरू झाले. पहिले वाकले. दुसरे वाकले. तिसऱ्यांच्या नातवाने टाळ्या वाजवल्या आणि त्याला गप्प करण्यात आलं. चौथे इतके खाली वाकले की वर येतात की नाही अशी काळजी वाटली. मला वाटत होतं, बाई वाकतील. वाकून मग आत जाऊन कोणाला तरी विनवतील. दुसरं काय करणार?

पाचवा पुकारा झाला. रेशमी गाऊन नव्याने सळसळला. बाह्या अगदी मनगटावर आल्या होत्या. त्यांची आई खुर्चीत पुढे सरकून बसली.

"विद्वान वकील, आपला काही अर्ज आहे?" मुख्य न्यायमूर्तींनी विचारलं, आणि नेहमीप्रमाणे त्यांचे डोळे पुढच्या नावाकडे वळलेही होते.

"आहे, माय लॉर्ड."

चोपदाराने चुकून काठी आपटली. ओळीतल्या शेवटच्या न्यायमूर्तींनी, ज्यांना ऐकायला कमी येतं, शेजारच्यांना काय झालं म्हणून विचारलं. मुख्य न्यायमूर्ती हळूच म्हणाले, "आपण वाकायचं असतं."

"माहीत आहे, माय लॉर्ड. वाकले की माझं वकीलपत्र संपतं, म्हणून आधी बोलते. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घराची स्थगिती आज पाच वाजता संपते आहे. सुनावणी उद्या आहे. मधल्या वेळात घराला कुलूप लागेल. स्थगिती उद्याच्या सुनावणीपर्यंत वाढवावी, एवढाच अर्ज. नक्कल माझ्या हातात आहे."

"काल का नाही आलात?"

"यायला हवं होतं. चूक झाली."

मुख्य न्यायमूर्ती पुढे झुकले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याही अंगावर कधीकाळी सुती गाऊन होता, आणि बाईंना या दिवशी यातून सोडवावं असं त्यांना मनापासून वाटत असावं. ते मवाळपणे म्हणाले, "म्हणजे आपल्या कारकुनाकडून तारीख नोंदवण्यात चूक झाली. असंच ना?"

वाट आयती मोकळी करून दिली होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. सव्वीस वर्षांच्या बाईंकडे थोरल्या साहेबांनी याच इमारतीत बोट केलं होतं. मी मान खाली घातली. माझ्यावर आलं तर ते माझंच होतं, आणि मला ते हवंच होतं.

"नाही, माय लॉर्ड," बाई म्हणाल्या. "माझ्या ऑफिसातल्या तारखा माझ्या असतात. चूक माझी आहे. तसं आदेशात लिहावं."

मी ओरडणार होतो. खरंच ओरडणार होतो. पण नेमकं तेव्हाच बाईंच्या आई भल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "काय म्हणाली ती? वाकत का नाही अजून?" आणि सगळं सभागृह हसलं. हसू विरलं तोवर माझी वेळ निघून गेली होती. आयुष्यात दुसऱ्यांदा मी बाईंच्या मागे उभा होतो आणि दुसऱ्यांदा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

मुख्य न्यायमूर्तींनी विचारलं, "समोरच्या बाजूचे वकील कोण?"

हरकतराव उठले. त्यांचा पुकारा अजून व्हायचा होता, म्हणजे तेही अजून मालकाचे वकील होते. "मी, माय लॉर्ड. माझी हरकत आहे. मला नोटीस मिळालेली नाही. शिवाय हा समारंभ आहे, यात अर्ज चालत नाही."

"नोटिशीचं म्हणाल तर आपण त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला आहात," मुख्य न्यायमूर्ती म्हणाले. "आणि अर्ज चालत नाही कसं म्हणू? अर्ज आहे का, हे मीच विचारलं. इतकी वर्षं आम्ही विचारत आलो, आज कोणीतरी उत्तर दिलं. आता मला उत्तर नको होतं असं सांगू का?"

हरकतरावांनी बाईंकडे पाहिलं. मग पुढच्या रांगेतल्या चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं. त्या माणसाबद्दल मी आयुष्यभर वाईटच बोललो आहे, म्हणून हे लिहून ठेवतो. ते म्हणाले, "उद्यापर्यंतच असेल तर माझी हरकत नाही." अकरा रांगांमधून एक सुस्कारा निघाला. हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकले नव्हते.

लघुलेखक हजर नव्हता, कारण समारंभात आदेश होत नाहीत. मुख्य न्यायमूर्तींनी ज्यांच्यापुढे प्रकरण होतं त्या न्यायमूर्तींच्या कानात काही विचारलं, त्यांनी मान हलवली. मग त्यांनी समोरची कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर स्वतःच्या हाताने आदेश लिहिला. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. 'तारखेच्या नोंदीतली चूक वकिलांनी स्वतःची म्हणून मान्य केली आहे,' हे वाक्य त्यांनी हळू वाचलं. सही केली, शिक्का मागवला.

"आता, विद्वान वकील," ते म्हणाले, "आपला आणखी काही अर्ज आहे?"

बाई वाकल्या. मागे, शेवटच्या रांगेपाठी, मीही वाकलो होतो. शेजारच्या शिपायाने मला कोपराने ढोसलं तेव्हा मला ते कळलं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना मी टेलरबाईंच्या दुकानात स्टुलावर बसलो होतो. कोर्टाचा बेलिफ आला, मालकाचा माणूस आला, हातात नवं कोरं कुलूप. मी पत्रिका पुढे केली. बेलिफने सोनेरी अक्षरांची बाजू वाचली आणि म्हणाला, "हे काय, कोणाच्या लग्नाचं बोलावणं?"

"उलटी करा," मी म्हटलं.

त्याने उलटी केली. दोनदा वाचली. शिक्क्यावर अंगठा फिरवून पाहिला. मग मालकाच्या माणसाला म्हणाला, "चला, आज नाही." मागच्या खोलीतून वडिलांनी विचारलं, "गेले का गं?" आणि टेलरबाई "गेले, बाबा," म्हणाल्या आणि मशीनवर डोकं टेकून रडायला लागल्या. त्यांना वाटत होतं मी त्यांचं घर वाचवलं. त्यांनी माझे हात धरले. ते हात सोडवून घेताना मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

मी ऑफिसात आलो तेव्हा बाई एकट्याच होत्या. गाऊन खुर्चीच्या पाठीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर, समोर गार झालेला चहा. फुलांचे गुच्छ कोपऱ्यात कोणी तरी बादलीत ठेवले होते. मी डायरी त्यांच्या टेबलावर ठेवली, लाल बाणाचं पान उघडून. शेजारी ऑफिसच्या किल्ल्या ठेवल्या.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"बाई, मी उद्या रजिस्ट्रारकडे लेखी देतो. तारीख मी चुकवली. ते वाक्य बदलून घेऊ. तुमच्या नावावर पुन्हा तेच नको. थोरल्या साहेबांच्या वेळी मला चिठ्ठीचं माहीत होतं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तेव्हा नाही बोललो, आता तरी बोलू द्या."

चिठ्ठीचं त्यांना माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तेहेतीस वर्षं त्यांना वाटत होतं की कदाचित थोरल्या साहेबांनी तारीख खरोखरच त्यांना सांगितली असेल आणि त्याच विसरल्या असतील. त्यांनी पाय खुर्चीवरून खाली घेतले. डोळे पुसले. मग चष्मा लावला, आणि त्यांचा कोर्टातला आवाज परत आला.

"अहो कॅलेंडर, नीट ऐका. मी आज सगळ्या न्यायमूर्तींसमोर सांगितलं की चूक माझी आहे. ते आदेशात आलं, सही झाली, शिक्का झाला. उद्या तुम्ही उठून सांगणार की चूक तुमची. म्हणजे मी ज्येष्ठ वकील झाले त्याच दिवशी, भर कोर्टात, माय लॉर्डांच्या तोंडावर खोटं बोलले. तुम्हाला मला खोटारडी ठरवायचंय का?"

"नाही, बाई."

"मग गप्प बसा. जन्मभर गप्प बसा. हा माझा हुकूम समजा."

त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि माझ्या खिशात घातल्या. आईने लहान मुलाच्या खिशात रुमाल कोंबावा तशा.

"बाई, पण आता तुम्हाला तारखा लागणार नाहीत."

"मला कोण सांगणार कुठे उभं राहायचं ते? थोरल्या साहेबांना सांगणारा होता, त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकते." त्यांनी डायरी माझ्याकडे सरकवली. "उद्याचं बोर्ड वाचा."

मी उभा राहिलो, जसा रोज संध्याकाळी उभा राहतो. शुक्रवारचं पान काढलं. पहिलं प्रकरण वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. चौथं टेलरबाईंचं होतं. तिथे मी अडलो. अक्षरं दिसेनात. बाई पेन हातात धरून, मान खाली घालून थांबल्या होत्या, जणू कानांना नीट ऐकू आलं नाही एवढंच.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "न्यायमूर्ती कोण, किती वाजता?"

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.